आधी दगड वाचा, तळघर नंतर

प्रश्न : पेनसिल्व्हेनियात चेस्टर काउंटीतलं एक दगडी फार्महाउस आम्ही घेतलंय. मूळ कुटुंब क्वेकर, म्हणजे युद्ध नाकारणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचं, होतं म्हणतात. भिंतीतल्या दगडावर १७४१ साल कोरलंय, त्यावर तीन अक्षरं. एका जुन्या कागदावर 'दुसऱ्या महिन्याचा ९ वा दिवस, १७४१' अशी तारीख आहे. तळघरातल्या छोट्या खोलीत पळून आलेले गुलाम लपत, असं शेजारी सांगतात. खरं असेल?

उत्तर : तळघराचं सगळेच आधी विचारतात. आधी दगड पाहू. वरचं अक्षर आडनावाचं, खाली डावीकडे नवऱ्याचं, उजवीकडे बायकोचं. घराच्या कपाळावर तिचंही अक्षर, हे मला फार आवडतं. पण ही पद्धत काही फक्त क्वेकरांची नव्हे.

तारीख फेब्रुवारीची नाही, एप्रिलची आहे. महिन्यांची नावं परधर्मी देवांवरून पडली म्हणून क्वेकर नुसते आकडे लिहीत, आणि १७५२ पर्यंत त्यांचा पहिला महिना मार्च. मीही फसलेय. मृत्युपत्र एप्रिलचं, मृत्यूची नोंद 'तिसऱ्या महिन्यात'. म्हातारबुवांनी मेल्यावर महिन्याभराने सही केली असं लिहून बसले होते! तिसरा महिना म्हणजे मे.

आता तुमची खोली. त्या भागात, विशेषतः केनेट स्क्वेअर गावाकडे, पळून आलेल्यांना क्वेकरांनी आसरा दिला हे खरंच. पण क्वेकर स्वतःही गुलाम बाळगत. जर्मनटाउनच्या चौघांनी १६८८ मध्ये लेखी निषेध केला, तरी गुलाम ठेवणाऱ्याला समाजाबाहेर काढायचं हे क्वेकरांच्या फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं ठरवलं ते १७७६ मध्ये. तुमचं घर या दोन सालांच्या मधलं. तेव्हा त्या घरात कोण लपलं यापेक्षा तिथे कोणाला राबवलं, हे आधी शोधा.

त्यासाठी वेस्ट चेस्टरला काउंटीच्या दप्तरात जा. मृत्युपत्राबरोबर चीजवस्तूंची यादी असते. गाई, भांडी, गाद्यांच्या रांगेतच माणसंही लिहिलेली सापडतात. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानं गुलामांची नोंदणीही सक्तीची केली होती. कुटुंबाची हकिकत मात्र क्वेकरांच्या स्थानिक सभेच्या इतिवृत्तांत : कोण कुठून आलं, पंथाबाहेर लग्न केलं म्हणून कोणाला काढलं. ती स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड कॉलेजांत जपलेली आहेत.

अशा याद्या वाचताना मला वेळेचं भान राहत नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली ब्रँडीवाइनची लढाई १७७७ मध्ये झाली, तेव्हा गिडियन गिल्पिन या क्वेकर शेतकऱ्याचं घर लुटलं गेलं. त्यानं भरपाईसाठी दिलेल्या यादीत १० दुभत्या गाई, ४८ मेंढ्या, एक इतिहासाचं पुस्तक आणि एक बंदूक आहे. शांततावाद्याच्या घरी बंदूक कशाला? शिकारीला असावी, असं आपलं मी समजते.

आणि हो, त्या खोलीला झरोका असेल, आत गारवा राहत असेल, तर तिथे बहुधा बटाटे आणि सफरचंदं ठेवत असत.