धाकट्या जावेने आणलेला डबा

प्रश्न : माझे वय ४४ वर्षे असून मी फोंडा तालुक्यात राहते. पाच वर्षांपासून मला मधुमेह आहे आणि सकाळी मी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या घेते. माझी धाकटी जाऊ गेल्या चवथीनंतर वजन कमी करण्याची भुकटी विकणाऱ्या एका कंपनीची ‘वेलनेस कोच’ झाली. चार महिन्यांत तिचे स्वतःचे वजन ९ किलोंनी उतरले, हे घरातल्या सर्वांनी पाहिले आहे. न्याहारीऐवजी एक शेक, रात्रीच्या जेवणाऐवजी दुसरा, सोबत गार्सिनियाच्या कॅप्सूल आणि एक हर्बल चहा, असा महिन्याला ७,२०० रुपयांचा संच ती मला देऊ पाहते. तिच्या वरच्या बाईंनी मला फोन करून ‘तीन महिन्यांत गोळ्या सुटतील’ असे सांगितले. मी सभासद झाले तर मला सवलत मिळेल आणि जावेचे ‘पॉइंट’ पूर्ण होतील. नाही म्हटले तर घरात कटुता येईल आणि हो म्हणायला मन धजत नाही. मी काय करावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या पत्रातील एक गोष्ट तातडीची आहे, म्हणून ती आधी सांगतो. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग त्यानंतर पोटात पुरेसे अन्न जावो वा न जावो. नेहमीची गोळी घेऊन न्याहारीच्या जागी केवळ एक ग्लास शेक घेतला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम येणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि कधी शुद्ध हरपणे ही त्याची लक्षणे होत. भुकटी घ्यावी की न घ्यावी हा पुढचा प्रश्न आहे. आपल्या डॉक्टरांनी गोळ्यांची मात्रा पाहून दिल्याशिवाय दिवसातील दोन जेवणे बदलू नयेत.

गोळ्या सुटण्याचे आश्वासन साफ खोटे असते, तर ते ओळखणे सोपे गेले असते. त्यात खऱ्याचा एक अंश आहे आणि तो नीट समजून घेणे आवश्यक आहे. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या संशोधनाचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात निदान होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या मधुमेही रुग्णांना तीन ते पाच महिने दररोज सुमारे ८५० कॅलरींच्या पेयांवर ठेवण्यात आले होते, आणि वर्षअखेरीस त्यांपैकी ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांशिवाय आटोक्यात होती. मात्र या रुग्णांच्या मधुमेहाच्या गोळ्या संशोधकांनी पहिल्याच दिवशी ठरवून थांबवल्या होत्या, इन्सुलिन घेणाऱ्यांना त्यात घेतलेच नव्हते, आणि नेहमीच्या अन्नाकडे परतण्याचा टप्पा प्रशिक्षित परिचारिका व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली पार पडला होता. यश मिळाले ते वजन उतरल्यामुळे. ज्यांचे वजन १५ किलो किंवा त्याहून अधिक घटले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. फोनवरून बोलणाऱ्या बाईंनी आपली गोळी कोणती हे विचारले होते का, याचा आपणच विचार करावा.

आता आपल्या जावेचे वजन कशामुळे उतरले, ते पाहू. आपल्याकडे न्याहारीला दोन पाव, पातळ भाजी, एखादे मिरचीचे भजे आणि साखरेचा चहा एवढे सहज होते, आणि दुधात कालवलेल्या शेकमध्ये साधारणतः त्याच्या निम्म्याच कॅलरी असतात. दिवसातली दोन जेवणे अशी बदलली की माणूस कमी खातो आणि कमी खाल्ले की वजन उतरते. भुकटीत चरबी जाळणारे काही असावे लागत नाही. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो, त्याचे कारणही साधे आहे. यकृत आणि स्नायू यांत साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवते. आहार घटताच तो साठा संपतो आणि त्याबरोबर पाणीही जाते. एक किलो चरबी घटण्यासाठी सुमारे ७,७०० कॅलरींची तूट लागते, म्हणून चार-पाच दिवसांत उतरलेले दोन-तीन किलो ही चरबी असू शकत नाही. अशा कंपन्यांचे विक्रेते सकाळी भरवतात त्या ‘न्यूट्रिशन क्लब’मध्ये ज्या यंत्रावर उभे करून ‘शरीराचे वय’ सांगतात, ते यंत्र शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधते, आणि सकाळी पाणी किती प्यायले एवढ्यानेही तो अंदाज बदलतो.

प्रथिनांविषयी फार बोलले जाते, म्हणून एवढेच सांगतो की एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम बांगड्यात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, आणि शेकच्या ग्लासातील प्रथिनांचा बराच वाटा आपण घातलेल्या दुधातूनच येतो.

कॅप्सूलची गोष्ट आपल्या परसातली आहे. गार्सिनिया म्हणजे आपल्या भिरंडाचेच, म्हणजे कोकमाचेच कूळ. भिरंड हे गार्सिनिया इंडिका, आणि कॅप्सूलमध्ये वापरले जाणारे गार्सिनिया कंबोजिया हे सह्याद्रीच्या दक्षिण भागात होणारे, केरळात माशाच्या कालवणात घालतात ते आंबट फळ. दोहोंच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते आणि चरबी तयार होण्याची क्रिया ते रोखते, असा विक्रेत्यांचा दावा असतो. १९९८ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात या दाव्याची चाचणी प्रसिद्ध झाली. १३५ स्थूल व्यक्तींना १२ आठवडे सारखाच कमी कॅलरींचा आहार देऊन निम्म्यांना हे औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोंनी आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलोंनी घटले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखल घेण्याजोगा नव्हता, म्हणजे वजन घटवले ते आहाराने. जेवणानंतरची सोलकढी आपण आवडीने प्यावी. तिच्यातील आम्लाचा दाट अर्क महिनोन्महिने पोटात घालणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण गार्सिनियाचा समावेश असलेल्या वजन घटवणाऱ्या उत्पादनांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. हिरव्या चहाच्या अर्काबाबतही युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली असाच इशारा दिला होता की, त्यातील ईजीसीजी हे द्रव्य पूरक आहारातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतल्यास यकृताला इजा झाल्याची चिन्हे रक्ततपासणीत दिसू शकतात. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे, अन्नावरची वासना जाणे, यांपैकी काही दिसले तर सर्व डबे बंद करून त्याच दिवशी यकृताची तपासणी करावी, आणि डबे डॉक्टरांना दाखवावेत. माझ्या अनुभवात रुग्ण रोजच्या गोळ्यांची नावे सांगतात, पण भुकटी आणि चहा सांगत नाहीत, कारण ती त्यांना ‘औषध’ वाटतच नाही. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनीही हे सांगणे अगत्याचे आहे. सोयाची भुकटी आणि कॅल्शियम यांमुळे ती गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही.

हर्बल चहात सोनामुखी आहे का, ते वेष्टनावर वाचावे. ते रेचक आहे; त्याने पोट रिकामे होते आणि पाणी जाते, चरबी जात नाही.

राहता राहिला जावेचा प्रश्न, आणि आपल्या पत्रातील खरी वेदना तीच आहे असे मला वाटते. आपली जाऊ खोटे बोलत नाही. तिचे वजन उतरले आहे आणि ते डब्यामुळे उतरले, असा तिचा प्रामाणिक विश्वास आहे. अडचण अशी की, या व्यवसायात साक्ष देणारी आणि माल विकणारी व्यक्ती एकच असते. दुकानदाराला आपण ‘नको’ म्हणू शकतो, पण ज्या जावेबरोबर चवथीला नेवऱ्या तळल्या तिला ‘नको’ म्हणताना मालाबरोबर नाते नाकारल्यासारखे वाटते. कंपन्यांना जाहिरातीपेक्षा हा संकोच अधिक उपयोगी पडतो. शिवाय ज्यांचे वजन उतरले नाही, किंवा उतरून पुन्हा चढले, त्या बायका सकाळच्या क्लबमध्ये येणे बंद करतात, आणि उरलेल्यांचेच अनुभव आपल्या कानांवर पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. अशा राज्यात ‘गोळ्या सुटतील’ हे वाक्य किती घरांत आशेने ऐकले जात असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

जावेला आपण सरळ सांगावे की, माझ्या गोळ्यांमुळे मला हे चालणार नाही आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी काही घेणार नाही. हे खरेही आहे आणि त्यात तिचा अवमान नाही. तिचे पॉइंट पूर्ण व्हावेत म्हणून ‘नावापुरते’ सभासद होऊ नये. त्याऐवजी संध्याकाळी तिच्याबरोबर चालायला जावे. तिचे कमी झालेले वजन टिकण्यासाठी तिलाही त्याची गरज पडणार आहे. रात्रीचा भात निम्मा करून त्या जागी भाजी व मूग, चवळी किंवा मासळी वाढवावी, आणि चहातील साखर बंद करावी. हे बदलही साखर उतरवतात, म्हणून गोळ्यांची मात्रा तपासून घेण्याची माझी पहिली सूचना येथेही लागू आहे.

प्रश्न : मी २६ वर्षांचा असून डिचोलीजवळ राहतो. मित्राच्या सांगण्यावरून मी अशाच एका कंपनीत सामील झालो. सहा जणांना जोडायचे, त्यांनी प्रत्येकी सहा जोडायचे, म्हणजे वर्षभरात महिन्याला ५०,००० रुपये सुरू होतील असे सांगण्यात आले. ‘लेव्हल’ गाठण्यासाठी मी ३८,००० रुपयांचा माल घेतला. दोघेच जोडले गेले आणि बहुतेक माल घरी पडून आहे. पैसे परत मिळतील का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी हिशेब पाहा. सहाचे छत्तीस, छत्तिसाचे २१६, मग १,२९६, असे करत आठव्या थराला १६,७९,६१६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार तान्ह्या मुलांसह संपूर्ण गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा प्रत्येक माणूस सामील झाला तरी आठवा थर भरत नाही, आणि कोणत्याही क्षणी सर्वांत खालच्या थरात वरच्या सर्व थरांच्या एकत्रित संख्येहून कितीतरी अधिक माणसे असतात. आपल्याला माणसे जोडता आली नाहीत, यात आपल्या मेहनतीची उणीव शोधू नये. व्यापारातील फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ साली हर्बालाइफ या कंपनीवर हाच आक्षेप घेतला होता की, मोबदला प्रत्यक्ष ग्राहकांना होणाऱ्या विक्रीपेक्षा नवी माणसे जोडण्यावर अवलंबून आहे. तडजोडीत कंपनीने २० कोटी डॉलर भरले आणि मोबदल्याची पद्धत बदलण्याचे मान्य केले.

आपल्या देशात ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ लागू आहेत. त्यांनुसार पिरॅमिड योजनेला, म्हणजे माणसे जोडण्यावरच कमाई चालणाऱ्या साखळीला, बंदी आहे, सामील होण्यासाठी प्रवेशशुल्क घेता येत नाही, आणि वाजवी रीतीने विकता येईल त्याहून अधिक माल घेण्याची सक्ती करता येत नाही. करारात विचार बदलण्यासाठी वाजवी मुदत आणि विकण्याजोगा माल परत घेण्याची तरतूद असावी लागते. म्हणून करार काढून ती कलमे वाचावीत, न उघडलेल्या डब्यांची बिलांसह यादी करावी, त्यांवरील वापराची अंतिम तारीख लिहावी, आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करावी. तक्रारीची पोच ४८ कामकाजी तासांत देणे आणि साधारणतः एका महिन्यात तिचे निवारण करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकीलही अनिवार्य नाही. मात्र माल पुनर्विक्रीसाठी घेतला होता, त्यामुळे ‘हे ग्राहकच नव्हेत’ असा बचाव कंपनी घेऊ शकते, म्हणून लेखी मागणीचा पहिला टप्पा टाळू नये. मित्राशी बोलताना त्याला आरोपी ठरवू नये; त्याच्या घरीही असेच डबे पडून असण्याचा संभव आहे, आणि दोघांनी मिळून मागणी केल्यास ती अधिक वजनदार होईल.

प्रश्न : डब्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक असेल, तर ते उत्पादन सरकारने तपासून मान्य केले आहे असे समजावे का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. तो १४ अंकी क्रमांक अन्नपदार्थाचा व्यवसाय करण्याचा परवाना दर्शवतो. शेवचिवड्याच्या पाकिटावरही तो असतो. त्या उत्पादनाने वजन घटते, हे कोणी सिद्ध केल्याचा तो दाखला नव्हे. उलट पूरक आहाराच्या वेष्टनावर ते औषधी वापरासाठी नाही असे छापणे बंधनकारक आहे, तेव्हा तोंडी दावा आणि छापील मजकूर शेजारी ठेवून वाचावेत. वेष्टनावर न लिहिलेले औषध मिसळलेले असण्याचाही धोका असतो. भारतात २०११ साली बंदी घातलेले सिब्युट्रामिन वजन घटवणाऱ्या अनेक उत्पादनांत छुपेपणाने मिसळलेले अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार आढळले आहे. एखादे उत्पादन घेतल्यावर छातीत धडधड होऊ लागली, झोप उडाली किंवा रक्तदाब वाढला, तर ते थांबवून डॉक्टरांकडे जावे, आणि डबा फेकून न देता बिलासह बांबोळी येथील अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे लेखी तक्रार करावी. त्याच बॅचमधील एखादा न उघडलेला डबा उपलब्ध असल्यास तोही जपून ठेवावा.