नायिकेला सगळं आधीच दिसत असेल, तर कादंबरीत रहस्य उरतं कुठे?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीने दिलेली इंग्रजी रोमँटिक सस्पेन्स ६० पानांवर ठेवून दिलीत, कारण नायिकेने वस्तूला हात लावला की तिला मागचं दिसतं, 'मग पोलीस हवेत कशाला'. घरचे म्हणतात हे वाचणं म्हणजे अंधश्रद्धा. आणि मराठीत असं काही आहे का, हेही विचारलंय. मी इथे सहसा वाचून गप निघून जाते. पण त्या 'घरचे म्हणतात'वर अडकले.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुबा मोडला. वय ७८. ऑपरेशन झालं. दिवसा हे आणि नणंदबाई, रात्री मी. पिशवीत अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून ४० रुपयांना उचललेली एक जाडजूड कादंबरी होती. मागच्या पानावर कुठल्याशा परदेशी लायब्ररीचा शिक्का, मुखपृष्ठावर शर्टाची बटणं न लावलेला गृहस्थ. त्याला मी जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलं होतं, शाळेच्या वहीला घालतात तसं.

पहिल्या रात्री दोनच्या सुमाराला पलंगावरून आवाज आला, "काय वाचतेस ते मोठ्याने वाच."

"इंग्रजी आहे, आई."

"मग मराठीत वाच."

झालं. त्या रात्रीपासून मी समोर इंग्रजी आणि तोंडाने मराठी. नायिकेचं नाव त्यांच्या जिभेवर बसेना म्हणून तिची सुमन केली. शेरीफचा फौजदार झाला. अमेरिकेतलं ते बर्फ पडणारं गाव दोन रात्रींत महाबळेश्वरच्या अलीकडे कुठेतरी येऊन थांबलं. सासूबाईंचं माहेर वाईचं. लहानपणी धान्याच्या कोठीमागे बसून बाबूराव अर्नाळकर वाचलेल्या, झुंजार तोंडपाठ. त्यांना रहस्यकथेची रीत मी शिकवायची गरज नव्हती.

सुमन पोलीस चौकीत जाऊन 'मला असं असं दिसलं' सांगते आणि सगळे हसतात, तिथे त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे हिचंही कोणी ऐकत नाही." पडायच्या आधी दोन महिने त्या सांगत होत्या की उजवा पाय मधूनच निसटतो. आम्ही सगळ्यांनी 'वय झालं' म्हटलं होतं. मीसुद्धा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणारी तिसरी रात्र. सुमन हरवलेल्या मुलीचा स्कार्फ हातात घेते आणि तिला खुन्याच्या डोळ्यांतून दिसू लागतं. बेसिन, टपटपणारा नळ, दोन हात. हातांत पातळ रबरी मोजे, ते तो काढतो, एकात एक असे, उलटे करून. चेहरा नाही, कारण स्वतःच्या डोळ्यांनी स्वतःचा चेहरा कोणाला दिसतो? मी भराभर पुढे निघाले होते.

"थांब. मोजे कसे काढले म्हणालीस?"

मी परत वाचलं. मनगटाकडून धरून, उलटे, एक दुसऱ्याच्या पोटात.

"आपली सिस्टर काढते तसे. आपण भांडी घासायचे मोजे बोटं ओढून काढतो. हा दवाखान्यातला माणूस आहे. गावात डॉक्टर कोण कोण?"

एक गुरांचा आणि एक दातांचा.

"गुरांचा फार गोड बोलतो, तो आपल्याला फसवायला ठेवलाय. दातांचा धर."

पान ११२. दातांचाच निघाला, पान ३४१ वर. सुमनला आणि फौजदाराला मधली २२९ पानं लागली. पडून पडून कंबर धरलेल्या एका म्हातारीला एक परिच्छेद पुरला.

सुमनला दिसलं तेच सासूबाईंना दिसलं आणि मलाही. अर्थ एकीनेच लावला. चांगल्या लेखिकेच्या हातात ही शक्ती म्हणजे उत्तर नसतं, पुरावा असतो, तोही फाटका. कधी दिसेल ते नायिकेच्या हातात नसतं, दिसल्यावर दोन दिवस डोकं उठतं, आणि कोर्टात त्याची किंमत शून्य. म्हणून पोलीस हवेत. आणि फौजदार हवा तो प्रेमासाठी. बहुतेक कादंबऱ्यांत नायिकेला गावातल्या सगळ्यांचं कळतं, फक्त त्याच्या मनातलं काही लागत नाही. ज्या कादंबरीत शेवटच्या प्रकरणात अचानक सगळं लख्ख दिसतं, ती खुशाल रद्दीत घाला. तुमची कुठल्या जातीची आहे ते ६० पानांत कळत नाही. १०० पर्यंत जा.

(प्रेमप्रसंग मी गाळत होते. चौथ्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "पान उलटलंस आणि बोलली नाहीस. काय गाळलंस?" मी म्हटलं, देखावा होता. "किती वेळ देखावा बघतात गं ती दोघं?")

पाचव्या सकाळी माझे धाकटे दीर डबा घेऊन आले आणि दारात उभे राहून ऐकत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, आईला हे काय अतींद्रिय-बितींद्रिय ऐकवताय? दाभोलकरांना याच शहरात, ओंकारेश्वराच्या पुलावर मारलं त्याला तीन वर्षं झाली, आणि आपल्या घरात हे." मी काही बोलले नाही. दाभोलकर गेले तेव्हा दोन दिवस माझ्याही घशाखाली घास उतरला नव्हता, हे काय दारात उभं राहून सांगायचं? सासूबाई म्हणाल्या, "तू डबा ठेव."

तेव्हा राहिलेलं उत्तर आता देते. भावजींचं आवडतं उदाहरण म्हणजे २००८ ची पुण्यातली ज्योतिषाची चाचणी. जयंत नारळीकर, दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. भाग घेणाऱ्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी जवळपास ५० आले असते. भावजी हे प्रत्येक दिवाळीच्या फराळाला सांगतात आणि मी प्रत्येक वेळी मान डोलावते, कारण ते खरंच आहे. पण तेच नारळीकर मराठीत विज्ञानकथा लिहीत होते. न घडणारं घडलंय असं धरून चाललं की पुढे काय होईल, हा खेळ त्यांना चालत होता. कथेत एक अशक्य गोष्ट मान्य करायची आणि बाकी सगळं काटेकोर ठेवायचं. सासूबाईंनी हातमोज्यांवरून जे केलं त्याला मी तर्कशुद्ध विचारच म्हणते.

वस्तूला हात लावून मागचं ओळखण्याला 'सायकोमेट्री' हे नाव १८४२ मध्ये बुकॅनन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने दिलं. त्याचा त्यावर विश्वास होता, माझा नाही. भावजींच्या कंपनीत भरतीला सायकोमेट्रिक टेस्ट असते, ती वेगळी, पण तिच्या निकालावर ते डोळे मिटून विश्वास ठेवतात.

आणि २०१९ मध्ये मुलीच्या लग्नाला याच भावजींनी पत्रिका जुळवल्या. ३६ पैकी २६ गुण. "मुलाकडच्यांचा आग्रह, वहिनी."

मराठीचं विचारलंत. नारायण धारप भीतीसाठी वाचा. सुहास शिरवळकरांनी प्रेमही लिहिलं आणि रहस्यही. पण प्रेम, खून आणि हिला-दिसतं हे तिन्ही एकत्र असलेला वेगळा कप्पा मला मराठीत सापडला नाही. तुमची इंग्रजी पुरवून पुरवून वाचा, किंवा घरात कोणाला तरी मराठीत सांगत वाचा. वेळ तिप्पट लागतो, पण काही निसटत नाही.

हे आधीच लिहायला हवं होतं: या कादंबऱ्यांत बायकांचे खून फार बारकाईने लिहिलेले असतात, घरात नुकतंच काही घडलं असेल तर सध्या नको. नायकही बरेचदा हुकूम सोडणारे असतात, ते मलाही खटकतं. आणि खऱ्या आयुष्यात कोणी तुमचा रुमाल हातात घेऊन पैसे मागितले, तर भावजींचा नंबर देते.

खुनी कोण ते मी वर सांगून टाकलंय, पण पुस्तकाचं नाव नाही. ते सांगायला पुस्तक बघावं लागेल, आणि ते २०२१ पासून भावजींकडे आहे. 'आईने ते मोज्यांवरून ओळखलं ते पान कुठलं' म्हणून घेऊन गेले. कॅलेंडरच्या कव्हरसकट.