प्रोग्राम चालवून पाहिल्याने तो थांबतो हे सिद्ध होते का?

प्रोग्राम चालवला आणि तो थांबला, एवढ्यावरून तो थांबतो हे सिद्ध झाले का, असे आपण विचारले आहे. नागपुरात बी.एस्सी.च्या वर्गावर शिकवताना हाच प्रश्न मला वारंवार ऐकू येतो आणि तो फार मोलाचा आहे, असे माझे मत आहे.

उत्तर होय असे आहे, परंतु ज्या इनपुटवर, म्हणजे प्रोग्रामला दिलेल्या माहितीवर, तो चालवला त्या इनपुटपुरतेच. तेवढ्यापुरती ही सिद्धता संपूर्ण आहे, कारण पहिल्या पायरीपासून अखेरच्या पायरीपर्यंतची नोंद कोणालाही पडताळून पाहता येते.

वर्गात मी फळ्यावर एक लहानसा प्रोग्राम लिहितो: संख्या सम असल्यास निम्मी करा, विषम असल्यास तिप्पट करून 1 मिळवा, आणि 1 आला की थांबा. 26 घेतल्यास 10 पायऱ्यांत काम आटोपते. 27 घेतल्यास मात्र आकडा 9232 पर्यंत चढतो आणि 1 वर उतरायला 111 पायऱ्या लागतात. पन्नासाव्या पायरीला ज्याने वही मिटली, त्याला हा प्रोग्राम थांबत नाही असे म्हणण्याचा काहीही आधार नसतो. प्रत्येक धन पूर्णांकासाठी तो थांबतो की नाही, हे आजही कोणाला सिद्ध करता आलेले नाही.

वाट पाहून न थांबणे सिद्ध होत नाही. स्मृतीसह प्रोग्रामची संपूर्ण स्थिती जशीच्या तशी पुन्हा आली, तर तो चक्रात अडकल्याचे निश्चित कळते. पण न थांबणारा प्रत्येक प्रोग्राम असा सापडत नाही, आणि सर्व प्रोग्रामांना लागू पडणारी कसोटी असूच शकत नाही, हे गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी 1936 साली दाखवले. ट्युरिंग यंत्र म्हणजे ठरावीक नियमांनुसार एका पट्टीवर चिन्हे वाचणारे आणि लिहिणारे काल्पनिक संगणन यंत्र. पाच अवस्थांच्या, दोन चिन्हे वापरणाऱ्या अशा यंत्रांपैकी 4,71,76,870 पायऱ्यांनंतर थांबणारे यंत्र 1989 मध्येच सापडले होते. परंतु त्याहून उशिरा थांबणारे एकही नाही, हे सिद्ध व्हायला 2024 उजाडले, कारण उरलेली यंत्रे कधीच थांबत नाहीत हे तर्कानेच दाखवावे लागले.

सर्व इनपुटांसाठी थांबणे सिद्ध करायचे असेल, तर युक्लिडची मसावि काढण्याची रीत पाहावी. तिच्यात दर फेरीला मोठ्या संख्येला लहान संख्येने भागतात; उरणारी पूर्णांक बाकी दर फेरीला घटते आणि शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, म्हणून ती थांबणारच. त्यासाठी एकदाही चालवून पाहावे लागत नाही. आपल्या लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, अशी घटणारी राशी आहे का, हे आधी शोधावे.