लोकलमध्ये अचानक छाती का धडधडते?

प्रश्न : माझे वय 34 आहे. दोन महिन्यांपूर्वी सकाळच्या लोकलमध्ये उभी असताना अचानक छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या आणि आता आपण मरणार असे वाटले. ईसीजी व्यवस्थित आला. तरीही त्यानंतर दोनदा असेच झाले. याचे कारण काय असावे?
– एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : ताई, तुम्हाला जे झाले ते खरेच झाले, ‘मनाचे खेळ’ म्हणून ते कोणी उडवून लावू नये. वर्णनावरून हे पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचे झटके, वाटतात. समोर धोका नसतानाही शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारे संप्रेरक अ‍ॅड्रेनलिन वाढते, श्वास भराभर होऊ लागतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि नेमक्या त्याच कारणाने बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात. ही लाट बहुधा 10 मिनिटांत कळसाला पोहोचून ओसरू लागते.

कारण सहसा एकच नसते. आनुवंशिकता, अपुरी झोप, घरातील आजारपण किंवा मृत्यू, नोकरीतील ताण यांमुळे शरीर आधीच ताणलेले असते; मग उपाशीपोटी घेतलेली कडक कॉफी, कोंदट डबा किंवा पूल धावत चढल्याने वाढलेले ठोके एवढे निमित्त पुरते. पहिल्या झटक्यानंतर मात्र ‘पुन्हा होईल का’ ही भीतीच सर्वांत मोठे निमित्त ठरते, म्हणून लोकलचा प्रवास कायमचा टाळू नका, असे मी आवर्जून सांगेन. थायरॉइडची तपासणी राहिली असेल तर करून घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.