बंद पडलेल्या शाळेच्या जागेवर घरं बांधायला परवानगी मिळते का? शेजाऱ्यांना हरकत घेता येते का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या तालुक्याच्या गावात खासगी संस्थेची शाळा पटसंख्येअभावी बंद पडली, जागा बिल्डरकडे गेल्याची चर्चा आहे आणि तिथे रो-हाऊस, फ्लॅट होणार म्हणतात. मी खान्देशातल्याच एका नगरपरिषदेत नगररचना विभागात आरेखक होतो. टेबलाच्या आतल्या बाजूने जे दिसतं ते सांगतो.

परवानगी मिळू शकते. हरकतही घेता येते, पण लोक जिथे घेतात तिथे नाही. पाया खोदायला जेसीबी आला की कॉलनीवाले सह्यांचं निवेदन घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे येतात. ते आवक करून शिक्का मारून देतात, आणि विषय तिथेच संपतो. कारण 1966 च्या नगररचना अधिनियमात बांधकाम परवानगीचा अर्ज कलम 44 खाली येतो, निर्णय कलम 45 खाली होतो, आणि त्यात शेजाऱ्यांना विचारायची तरतूदच नाही. उलट नियमात बसणाऱ्या अर्जावर 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं कायदाच मानतो.

म्हणून आधी विकास आराखडा बघा, म्हणजे गावातली कोणती जागा कशासाठी ते ठरवणारा मंजूर नकाशा. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन नगरपरिषदेतून झोन दाखला (जागा कोणत्या विभागात येते ते सांगणारा) आणि आराखड्यातला तेवढ्या भागाचा नकाशा मागा. जागा मालकीची असायची गरज नाही. शाळा रहिवास विभागात असेल आणि आरक्षण नसेल, म्हणजे जागा सार्वजनिक कामासाठी राखीव नसेल, तर घरांना झोनची अडचण नाही. सार्वजनिक-निमसार्वजनिक विभागात दाखवली असेल, तर नियमावलीत बसतं तेवढंच करता येतं, बाकीसाठी झोन बदलावा लागतो. आणि ‘प्राथमिक शाळा’ किंवा ‘क्रीडांगण’ असं आरक्षण असेल, तर ते उठल्याशिवाय पूर्ण जागेवर घरं साधारणपणे होत नाहीत. बऱ्याचदा इमारत एका झोनमध्ये आणि मागचं मैदान आरक्षणात असतं, तेव्हा नकाशा नीट बघा.

झोन किंवा आरक्षण बदलायचं तर त्याच अधिनियमाचं कलम 37. सर्वसाधारण सभेत ठराव होतो, राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात सूचना निघते, हरकतींसाठी एक महिना असतो, सुनावणी होते आणि प्रस्ताव मंजुरीला शासनाकडे जातो. शासन स्वतःहूनही हा फेरबदल करू शकतं, तेव्हा सूचना शासनाची असते. हरकत घ्यायची ती इथे. सूचना आतल्या पानावर, ‘नावात बदल’ वगैरेंच्या शेजारी बारीक अक्षरात येते. महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही आणि मग ‘आम्हाला विचारलंच नाही’ म्हणून बोंब होते.

हरकतीत ‘आमची शांतता भंग होईल’ असलं लिहू नका. ते वाचलं जातं, मोजलं जात नाही. या भागात दुसरं मैदान कुठे आहे, समोरचा रस्ता किती रुंद आहे, नळाला किती दिवसांआड पाणी येतं (आपल्याकडे हे सांगायलाही लाज वाटते, पण लिहा), गटार कुठे मिळतं, निवडणुकीचं मतदान केंद्र याच शाळेत असायचं का, हे लिहा. पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत शाळा मिळायला हवी हा शिक्षणहक्काचा नियम आहे, तोही तिथे लागू पडतो का ते तपासा.

आणखी एक वाट आहे, तिथे मात्र जनतेला काही बोलता येत नाही. आराखडा लागू होऊन 10 वर्षं झाली आणि नगरपरिषदेने आरक्षित जागा घेतली नाही, तर मालक कलम 127 ची नोटीस देतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपतं. आपल्या नगरपरिषदांकडे भूसंपादनाला पैसा कुठून येणार? मैदानं गेली ती जास्त करून याच वाटेने, असं माझं मत आहे. म्हणून अशी नोटीस आली आहे का, हे नगरसेवकाला आत्ताच विचारा.

आता मालकी. खान्देशात खरं घोडं इथे अडतं. संस्था सार्वजनिक न्यास असेल, तर विक्रीला 1950 च्या न्यास अधिनियमाच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. संचालक मंडळात दोन गट आणि चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद करायचा अर्ज) प्रलंबित, हे तर आपल्याकडे घरोघरी मातीच्या चुली. विकायचा ठराव नक्की कोणत्या मंडळाने केला, यावरच वर्षं जातात. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल, तर जमीन विकण्यावर सरकारची बंधनं आहेत, बहुतेकदा ती सरकारने अटींवर दिलेली असते, आणि जिल्हाधिकाऱ्यांशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. आणि गावातल्या एखाद्या शेठने जागा दान दिली असेल, तर दानपत्र मिळवून वाचा. ‘शाळेसाठीच’ अशी अट असली की वारस जागे होतात.

हे सगळं पार पडलं, तर मग बांधकामाची 2020 ची एकत्रिकृत नियमावली. रस्त्याच्या रुंदीवर उंची आणि चटई क्षेत्र (एकूण किती बांधता येईल ते) ठरतं. भूखंड 4000 चौरस मीटर किंवा जास्त असेल, तर 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. झाडं तोडायला वेगळी परवानगी. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका 8 पेक्षा जास्त असतील, तर महारेराकडे (गृहप्रकल्पांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते, आणि तिथे मंजूर कागद कुणालाही घरबसल्या बघता येतात.

माझ्या मते घरांना सरसकट विरोध करून फार हाती लागत नाही. गावाला घरंही हवीतच. त्यापेक्षा ती 10 टक्के जागा रस्त्याकडेला, पोरांना खेळता येईल अशी सलग ठेवायला लावा. बिल्डर ती नाल्याकाठी किंवा कोपऱ्यात त्रिकोणी तुकड्यात ढकलतो. हे ले-आउट मंजुरीआधी बोललं तरच होतं, म्हणून झोन दाखल्यासोबतच ले-आउट किंवा कलम 127 ची नोटीस दाखल आहे का, याचा 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका. उत्तराची मुदत 30 दिवस आहे.