दोन उचगावं आणि एक सही

"खानापूरची लेक" अशी सही असलेलं पत्र आलंय. मुक्काम आयर्लंडात डब्लिनजवळ, सध्या सुट्टीला बेळगावात. चार पानं, चार प्रश्न. त्यातल्या तिघांना मी शेवटी दोन-दोन ओळींत वाटेला लावणार, हे आधीच सांगते. माझा जीव पहिल्यातच अडकलाय.

ती लिहिते, "मावशी, आमच्या वस्तीजवळ एक बंद पडलेलं हॉटेल आहे. आसरा मागायला आलेल्या लोकांना तिथं ठेवणार म्हणून सगळे चिडलेत. माझ्या बाळंतपणात सूप घेऊन आलेली शेजारीणच विरोधाच्या अर्जावर सह्या गोळा करत फिरतेय. आमच्या दारात येऊन म्हणाली, तुमचं वेगळं आहे, तुम्ही काम करून खाता. ह्यांनी लगेच सही केली. म्हणतात, आपण नियमानं आलो, पर्मिट काढून आलो, कर भरतो; हे लोक फुकट राहणार आणि आपलंही नाव घालवणार. मी म्हटलं, नंतर बघते. अकरा वर्षांच्या लेकानं विचारलं, आपण पण रेफ्युजीच का? ह्यांनी त्याला गप्प केलं. इथं शहापुरात सासरी पानावर बसल्यावर हाच विषय निघाला, तर ८६ च्या कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात हिंडलग्याच्या तुरुंगात राहिलेले माझे सासरे म्हणाले, बरोबर आहे त्याचं. मी एकटीच वेडी का?"

वेडी नाहीस. भित्री आहेस, थोडी. "नंतर बघते" हे आपल्या बायकांचं जुनं औषध. सव्वीस वर्षं इंग्लंडात मीही तेच घेतलं, म्हणून चव ठाऊक आहे.

आधी त्या "तुमचं वेगळं" कडे बघ. ऐकायला गोड वाटतं ना? मलाही वाटायचं. पण हे वेगळेपण बोलणाऱ्याच्या मर्जीवर असतं, आपल्या कागदांवर नाही. जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या टाला भागात आपल्या एका माणसाला भर रस्त्यात मारलं, कपडे फाडले, वर खोटा आळ घेतला. त्यानंतर एकामागून एक प्रकार कानावर आले आणि १ ऑगस्टला भारतीय दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. मारणाऱ्यांनी आधी पर्मिट बघितलं होतं का, हे नवऱ्याला विचार. रागाच्या भरात असलेल्या माणसाला आपण आणि "ते लोक" एकाच रंगाचे दिसतो.

"फुकट" चं म्हणशील तर, हॉटेलात किंवा छावणीत सोय झालेल्या मोठ्या माणसाला सरकारकडून आठवड्याला मिळतात ३८ युरो ८० सेंट. पहिले सहा महिने काम करायची परवानगी नाही. तुझा नवरा डब्लिनमध्ये आठवडाभराच्या कॉफीवर किती घालवतो, तेवढं काढ.

पण शेजारणीला वाईट म्हणू नकोस हं. तिथं घरं नाहीत, भाडी ऐकून डोळे पांढरे होतात, डॉक्टरची वेळ मिळत नाही. पोटची पोरं तिशीत आली तरी आईबापाकडे राहतात. तिचा राग खोटा नाही, पत्ता चुकलाय. शिवाय आयरिश लोकांची स्वतःची भाषा त्यांच्या तोंडातून गेलेली आहे. बसवर "अन लार" असं लिहिलेलं तू रोज बघतेस, म्हणजे शहराचा मध्य. पाटीवर आयरिश, राज्यघटनेत पहिली अधिकृत भाषा आयरिश, आणि बोलताना इंग्रजी. आपल्याला पाटीचं दुःख कुणी शिकवायला नको. इथं साठ टक्के कन्नडचा नियम आला, तेव्हा आमच्या बाजारात पेंटरांना दिवाळी होती. पाटी गेली की माणसाला आपणच पुसले गेलो असं वाटतं. आपल्या बाबतीत त्याला मी अस्मिता म्हणते, मग तिच्या बाबतीत द्वेष कसं म्हणू? फक्त "आता जागा उरली नाही" ही घोषणा तेवढी मला पटत नाही. १८४१ साली त्या बेटावर ऐंशी लाखांहून जास्त माणसं होती. मग बटाट्याचा दुष्काळ पडला, दहा लाख मेली, दहा लाख जहाजांत बसून परमुलखाला गेली. दोन्ही आयर्लंड मिळून ती जुनी संख्या अजून भरलेली नाही.

आता माझं नेहमीचं पुराण. जुने वाचक हसतील, हसू देत.

माझ्या आईचं माहेर कोल्हापूरचं उचगाव, सासर बेळगावचं उचगाव. "उचगावातनं उचललं, उचगावात आणून टाकलं" असं ती म्हणायची. तिच्या माहेराला लागून वळिवडे. १९४३ ते १९४८ तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, जवळजवळ पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. रशियनांनी घरातनं उचलून सैबेरियात नेलेली, तिथून इराणमार्गे कोल्हापूर संस्थानात आलेली. माझे आजोबा छावणीत दूध घालायचे, आई मागोमाग कासंडी घेऊन. एक पोलिश बाई दूध घेताना रोज काहीतरी म्हणायची. आईला ते "जिंकूया" असं ऐकू यायचं. तिला वाटायचं, लढाई चालू आहे, ही बाई लढाईचं बोलते. ही पण म्हणायची, "जिंकूया!" पुष्कळ वर्षांनी मी इंग्लंडात एका पोलिश नर्सकडून ऐकलं, जेंकुये म्हणजे धन्यवाद. आईला फोनवर सांगितलं तर ती आधी हसली आणि मग गप्प झाली. त्या बाईनं तिला लाल लोकरीची टोपी विणून दिली होती. पोलिश गेले, त्याच बराकींत फाळणीचे सिंधी आले, आणि त्या जागेचं गांधीनगर झालं. आज अख्खं बेळगाव लग्नाचा बस्ता बांधायला तिथं जातं की नाही? वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली.

आता आई किती थोर, असं तुला वाटेल. थांब. हिडकलच्या धरणात गावं बुडाली, त्यातलं एक कानडी कुटुंब आमच्या गल्लीच्या टोकाला येऊन राहिलं. तेव्हा याच टोपीवाल्या बाईनं आम्हाला बजावलं होतं, "त्या लोकांत खेळायला जायचं नाही. गाव बिघडवतील, मतं फिरवतील." मी कानांनी ऐकलंय. त्या घरातली बाई संक्रांतीला तीळ लावलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी घेऊन दारात उभी राहिली. आईनं भांडं आत घेतलं, तिला आत घेतलं नाही. भांडं परत करायचं काम माझ्याकडे आलं. मी गेले तेव्हा ती बाई पायरीवर बसून मोडक्या कानडी-मराठीत मुलाला सांगत होती, उन्हाळ्यात पाणी उतरलं की आपल्या गावचं विठ्ठलाचं देऊळ वर येतं, तेव्हा दाखवते. विठ्ठल! आमचाच विठ्ठल. भांड्यात घालायला मी काही नेलं नव्हतं, रिकामं भांडं पुढे केलं. ते अजून सलतं.

म्हणून तुझ्या सासऱ्यांचं मला नवल वाटत नाही. तुरुंगात गेलेला माणूस दुसऱ्याचं दुःख ओळखेलच असं नाही, कधीकधी तो आपलंच दुःख मोजत बसतो. पण त्यांना एवढं विचार, पाया पडून विचार हवं तर: बाबा, १ नोव्हेंबर १९५६ ला तुम्ही कुठून कुठे गेलात? कुठेच नाही. अंगण तेच, आड तोच, राज्य बदललं, बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं. २००४ पासून सीमेचा खटला सुप्रीम कोर्टात पडून आहे, दर १ नोव्हेंबरला आपण काळी फीत लावतो, आणि समोरून एक ओरड हमखास येते, "नको असेल तर तिकडं जा." तीच ओरड परक्या देशात आपला मुलगा दुसऱ्यावर करतोय.

नवऱ्याला दोन गोष्टी सांग. २००४ च्या जूनमध्ये आयर्लंडनं सार्वमत घेतलं आणि ७९ टक्के लोकांनी जन्मानं आपोआप मिळणारं नागरिकत्व काढून टाकलं. आईबापाच्या राहण्याची वर्षं मोजून मगच बाळ आयरिश ठरतं. हा नियम हॉटेलातल्या लोकांपुरता नाही, तुमच्यासारख्या पर्मिटवाल्यांच्या पाळण्यापर्यंत येतो. दुसरी, नोव्हेंबर २०२३ ला डब्लिनमध्ये शाळेच्या मुलांवर चाकू चालला आणि गावभर जाळपोळ झाली, तेव्हा हेल्मेट मारून हल्लेखोराला आडवा करणारा ब्राझीलहून आलेला डिलिव्हरीवाला होता. आणि त्या दिवशी देशाचा पंतप्रधान होता मालवणच्या वराडच्या डॉक्टरचा मुलगा, लिओ वराडकर. वराडला तो आला तेव्हा गावानं ढोल वाजवले. आपल्याला हे सोयीचं आठवतं.

तर, सही करू नकोस. शेजारणीला चहाला बोलाव, तोंडावर सांग, आणि सूपाची आठवण काढून सांग. घरांच्या प्रश्नावर नगरसेवकाला पत्र लिहायला तिच्यासोबत बस, तिथं सही कर. तिथल्या स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, तिथं राहत असलं की पुरे. नाव नोंदवलंस का? नाहीच नोंदवलं, मला माहीत आहे. लेकाला गप्प करू नका. आपण निर्वासित नाही, आपण पोटासाठी आलो. ते जिवासाठी आलेत असं म्हणतात, आणि खरं-खोटं बघायला तिथं माणसं नेमलेली आहेत, ते काम पप्पांचं नाही. अकरा वर्षांच्या पोराला एवढं कळतं.

बाकीचे प्रश्न. सासूबाईंना थंडीत तिकडं नेऊ नकोस, मे-जूनमध्ये ने. लेक मराठीत उत्तर देत नाही, तर तू मराठीत विचारणं सोडू नकोस, बस्स. टिळकवाडीतला फ्लॅट विकायचा की नाही, हे मला विचारू नका, मी स्वतःचा अजून विकलेला नाही.

आणि ताजा कलम मध्ये विचारलंयस, "जाताना कुंदा किती नेता येईल?" अजिबात नाही. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. इथंच बसून खा. आणि गेल्या खेपेला बॅगेत किती किलो होता, ते नियमानं गेलेल्या तुझ्या नवऱ्याला विचार.