कॉलरवर फर, मग ए-२ कसं?

प्रश्न: जुनं ब्राऊन लेदर जॅकेट घेतलंय, विकणारा म्हणाला दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन ए-२ आहे, पण कॉलरला फर आहे आणि लेबलवर 'एमआयएल-जे-७८२३' एवढंच वाचता येतंय. खरंच तेवढं जुनं आहे का हो?

उत्तर: नाही, आणि ते ए-२ पण नाही! ए-२ हे आर्मी एअर कोरच्या, म्हणजे अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाच्या वैमानिकांचं जॅकेट, १९३१ साली मंजूर झालेलं, त्याची कॉलर साध्या लेदरची, टोकं बटणाने खाली दाबून बसवलेली, पाठ अखंड एका तुकड्याची. तुमचं आहे अमेरिकन नेव्हीच्या वैमानिकांचं, फरच्या कॉलरचं जी-१. पाठीवर दोन्ही खांद्यांमागे हात पुढे नेला की उघडणाऱ्या घड्या आहेत का बघा, आणि झिप उघडून तिच्यामागच्या लेदरच्या पट्टीवर बारीक भोकांनी 'यूएसएन' (यूएस नेव्ही) टोचलंय का तेही बघा. ७८२३ हे स्पेसिफिकेशन, म्हणजे जॅकेट कसं बनवायचं याचा सैन्याचा ठरलेला नमुना, १९५० च्या दशकातलं, म्हणजे युद्ध तेव्हा संपलेलं होतं. आता त्या आकड्यानंतर ए, बी, सी असं एखादं अक्षर आहे का ते भिंगाने नीट शोधा, कारण अक्षर जितकं पुढचं तितकं जॅकेट नंतरचं, आणि कॉन्ट्रॅक्ट नंबर 'डीएसए' (डिफेन्स सप्लाय एजन्सी, सैन्यासाठी सामान घेणारी) ने सुरू होत असेल तर १९६२ च्या आधीचं नाहीच, कारण ती एजन्सीच तेव्हा सुरू झाली. झिपवर फार विसंबू नका, ती बदललेली असते बऱ्याचदा. आणि प्लीज, लेबल ओल्या फडक्याने पुसू नका!